ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवत होती. १९८१, १९९१ आणि २००१ या तिन्ही जनगणनांचं काम तिने केलं. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याशी बसून, ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्हाला किती मुलं होती?’ असं विचारत म्हाताऱ्यांची वयं काढून तिने शेकडो घरांची माहिती रकान्यांत बसवली. हजेरीपत्रक, पटनोंदणी, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, सगळं तिच्या हातचं. खाडाखोड औषधालाही सापडायची नाही.

गेल्या महिन्यात ती बँकेच्या अ‍ॅपवर केवायसी भरायला बसली. पाऊण तासाने तिने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, ‘‘मला नाही गं जमत. डोकंच चालत नाही आता.’’

या वाक्याने माझं डोकं फिरतं. जिने जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म भरले, तिला एक फॉर्म भरता येत नसेल तर तो फॉर्म वाईट आहे. तिचं वय नव्हे, तिची समज नव्हे, फॉर्म. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाचं रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचं पुस्तक १९८८ साली आलं. त्यात त्याने हेच मांडलं होतं: वस्तू नीट घडवलेली नसते आणि माणूस स्वतःला मठ्ठ समजतो. ओढायचं दार आपण ढकलतो आणि ओशाळतो. अशा दारांना आता त्याचंच नाव पडलंय, ‘नॉर्मन डोअर’. ते पुस्तक येऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तरी मावशी अजून ओशाळतेच आहे.

तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते मी शेजारी बसून पाहिलं.

जन्मतारीख. ती १९५१ ची. चौकटीवर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं, चालू महिन्याचं. डावीकडे बाण, एकदा दाबला की एक महिना मागे. चौऱ्याहत्तर वर्षं गुणिले बारा, म्हणजे ८८८ वेळा दाबायचं. वर जिथे वर्ष छापलंय तिथे बोट ठेवलं तर वर्षांची यादी उघडते, पण तसं सांगणारी कुठलीच खूण तिथे नाही. ना चौकट, ना रंगातला फरक. नुसती अक्षरं आहेत की बटण आहे, हे ज्याने बनवलं त्यालाच ठाऊक. अरे, तारीख टाइप करू द्या! दोन आकडे, दोन आकडे, चार आकडे. स्वतःची जन्मतारीख कुणी कॅलेंडरात शोधत नाही, ती पाठ असते. कॅलेंडर रिझर्व्हेशनला ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी कितवी तारीख येते ते तिथे बघायचं असतं.

मग नाव. तीन चौकटी: पहिलं, मधलं, शेवटचं. मावशीच्या पासबुकात आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. पॅनवर नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. शाळेच्या सेवापुस्तकात सुरुवातीची काही वर्षं माहेरचं नाव. ही चारही नावं तिचीच आहेत आणि चारही सरकारी शिक्क्यांनिशी आहेत. अ‍ॅप म्हणतं, ‘नाव जुळत नाही.’ कशाशी जुळत नाही, कोणत्या कागदावरचं लिहायचं, काही नाही. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बाईचं नाव कागदागणिक बदलतं हे आपल्याकडे काम करणाऱ्या बँकेला माहीत नसावं? आणि पुढचं ऐका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. आईचं नाव आलं, फार चांगलं झालं. पण ती मुलं मोठी होऊन फॉर्मपुढे बसतील तेव्हा चार नावं तीन चौकटींत कशी कोंबायची? चौथी चौकट करायला आतापासूनच हात लागायला हवेत. किंवा एकच लांब चौकट द्या आणि माणसाला आपलं नाव आपल्या पद्धतीने लिहू द्या.

पिनकोडला तर मीच हरले. मावशीच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, तिने ‘४१५’ने सुरू होणारा पिनकोड देवनागरीत लिहिला. ‘अवैध इनपुट.’ पुन्हा लिहिला. ‘अवैध इनपुट.’ सहाच्या सहा आकडे बरोबर होते. युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांना १९९१ पासून जागा आहे. देवनागरी चार म्हणजे इंग्रजी चार, हे प्रोग्रामला शिकवायला एक ओळ पुरते. ती ओळ कुणी लिहिली नाही आणि मावशी अवैध ठरली.

त्या ‘अवैध’ शब्दाबद्दलही बोलायला हवं. खिडकीमागे बसणारा जुना कारकून तुसडा असेल, जेवणाच्या सुट्टीआधी खिडकी लावून घेणारा असेल, पण तो म्हणायचा, ‘‘काकू, पिनकोडचा एक आकडा राहिलाय.’’ काय चुकलं, कुठे चुकलं आणि काय करायचं, तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आहेत. ‘त्रुटी आढळली’, ‘अमान्य विनंती’, ‘कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा’ असलं मराठी महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात बोललं जात नाही. ‘होम’चं ‘घर’ आणि ‘सेव्ह’चं ‘वाचवा’ केलेलं मी स्वतः वाचलं आहे. हे मशिनीतून काढून कुणीही न वाचता चिकटवलेलं असतं. त्यातही मराठी निवडलं की पहिली दोन पानं मराठी, आणि जिथे अटी वाचून संमती द्यायची ते पान इंग्रजी. ज्या पानावर भाषा सर्वांत जास्त लागते नेमकं तिथेच ती काढून घेतली जाते. माझ्या लेखी ती संमतीच नव्हे.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. रोमनपेक्षा तिला उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत ती बसवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, बटणावरच्या शब्दाची वेलांटी कापली जाते. टंक नाहीत अशी सबब आता चालणार नाही. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घराघरांत पोहोचला त्यालाही दोन दशकं उलटून गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ तर फुकट आहे, उतरवून घ्या आणि वापरा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतकं अंतर असावं, हा जगभर मान्य झालेला निकष आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहिणाऱ्याला ते रुबाबदार वाटत असेल. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना तो कोरा कागद दिसतो.

फोटो ‘२० ते ५० केबी’मध्येच हवा, हे मी इथे फक्त नोंदवते. ज्या यंत्राला फोटो कितीचा आहे हे मोजता येतं, त्याला तो लहानही करता येतो. माणसाला कामाला लावू नका.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांचं हे व्हायचंच. तर मग ऑगस्ट २०२० मधली सिटी बँकेची गोष्ट ऐका. रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलरचं व्याज धनकोंना पाठवायचं होतं. मुद्दल बँकेच्या आतल्याच एका खात्यात वळवायची, तर पडद्यावर तीन ठिकाणी नोंद करावी लागत होती. नोंद केली गेली एकाच ठिकाणी. भरणारा एक, तपासणारा दुसरा, मंजुरी देणारा तिसरा, तिघांनाही ते बरोबर वाटलं. सुमारे ९० कोटी डॉलर बाहेर गेले आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात पोहोचलं. हे तिघं रोज त्याच पडद्यापुढे बसणारे, शिकलेसवरलेले, पगारी लोक होते. पडदा धड नसेल तर तज्ज्ञही पडतो. माझ्या मावशीला हसायचा हक्क कुणाला नाही.

केवायसीचा शेवटचा टप्पा चेहऱ्याचा. ‘डोळे मिचकावा.’ मावशीने मिचकावले. ‘चेहरा जुळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ पाच वेळा. सहाव्यांदा अ‍ॅपने तिला पहिल्या पानावर नेऊन सोडलं आणि तोवर भरलेलं सगळं पुसलं गेलं. फोन उपडा ठेवला तो इथे.

मावशीचे डोळे निदान मिचकतात. ज्यांच्या पापण्याच अ‍ॅसिडने जळाल्या आहेत त्यांचं काय? हा प्रश्न घेऊन अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला सर्वोच्च न्यायालयात गेल्या, दृष्टी नसलेल्या एका याचिकाकर्त्याची याचिकाही बरोबर होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केवायसी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले, माणूस जिवंत आहे हे ताडण्यासाठी डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवण्याचंही त्यात आलं. मला हा निकाल फार मोठा वाटतो. तोवर बटण, चौकट, रंग हा ‘दिसण्याचा’ मामला समजला जात होता. न्यायालयाने तो हक्कांच्या रांगेत आणून बसवला. पडद्यावरच्या ज्या बटणापर्यंत माणूस पोहोचू शकत नाही ते बंद दार आहे, आणि अशा दाराबद्दल आता दाद मागता येते.

इथवर जे सांगितलं त्यात निष्काळजीपणा आहे. मुद्दाम केलेली लबाडी निराळी, आणि तिच्याबद्दल माझ्याकडे जराही सहनशीलता नाही. बसचं तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली असते. ‘फक्त २ सीट शिल्लक’ असं लाल अक्षरांत लुकलुकत असतं आणि बस सुटते तेव्हा निम्मी रिकामी. शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ उगवतं. विमा नको म्हटलं तर बटणावर लिहिलेलं असतं की तुम्ही असुरक्षित राहणं पसंत करता. गिऱ्हाइकाला लाजवून त्याचा खिसा कापायची ही रीत. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये या प्रकारांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेला माल, टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमत, संभ्रमात टाकणारा प्रश्न, निघता न येणारी वर्गणी, सगळे त्यात आहेत.

निघता न येणाऱ्या वर्गणीचा नमुना अमेरिकेत कागदोपत्री आहे. अ‍ॅमेझॉनची प्राइम सेवा बंद करायची वाट कंपनीत ‘इलियड’ या नावाने ओळखली जात होती, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या तक्रारीत म्हटलं. इलियड म्हणजे होमरचं ते अवाढव्य युद्धकाव्य. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. नाव काय ठेवलं बघा! ती वाट लांबलचक आहे हे बनवणाऱ्यांना माहीत होतं, हे त्या एका नावावरून कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने तडजोडीत अडीच अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं.

संभ्रमात टाकणारा प्रश्न मात्र लबाडीशिवायही जन्माला येतो, नुसत्या आळसातून. एका अर्जात मी हे विधान वाचलं: ‘माझ्या कुटुंबातील कोणीही शासकीय सेवेत नाही.’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. कुणी नोकरीत नसेल तर काय दाबायचं? आपण मराठीत ‘कुणी नोकरीत नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. इथे ‘नाही’ दाबलं तर ‘आहे’ असा अर्थ होतो, आणि एखादी पात्र बाई एका बोटात अपात्र होते. ‘घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?’ एवढं सरळ विचारता येत होतं.

सरळ करणं अवघड नाही, हे आपल्याच देशाने फार पूर्वी दाखवलं आहे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. सुमारे १७ कोटी मतदार, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता, या माणसांनी मत कसं द्यावं? ‘आधी शिकून या’ असं कुणी मतदारांना म्हटलं नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्हाचं चित्र लावलं. चित्र ओळखायचं आणि चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. त्या लाखो पेट्यांतल्या कितीतरी आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतमजुराने त्या दिवशी शिकलेल्या जमीनदाराइतकंच अचूक मत टाकलं. माझ्या मते स्वतंत्र भारतातला सर्वांत थोर इंटरफेस तोच, आणि त्यात एक तारही नव्हती.

आजही चांगलं काम दिसतं. भाजीवालीच्या पाटीजवळचा तो छोटा डबा, ‘पन्नास रुपये मिळाले’ असं मराठीत मोठ्याने बोलणारा. तिचे हात ओले, नजर तराजूवर, समोर चार गिऱ्हाइकं. फोन उघडून मेसेज वाचायला तिला सवड नाही, कदाचित वाचताही येत नसेल. डबा बोलतो, ती मान हलवते, व्यवहार संपला. ज्याने हा विचार केला तो मंडईत उभा राहिलेला असणार. मुंबईच्या लोकलचा इंडिकेटरही असाच: गाडी कुठली, धीमी की जलद, डबे किती, वाजले किती. जिन्यावरून धावत येणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं आणि एवढंच तिथे असतं.

मंडईत आणि जिन्यावर उभं राहायचं, एवढंच मागणं आहे. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने २००० सालीच सांगितलं होतं की पाच माणसांना समोर बसवून वापरायला दिलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पाच माणसं! कोट्यवधींची निविदा काढणाऱ्यांनी त्यात एक कलम घालावं: लोकांसाठी खुलं करण्याआधी पाच खरे वापरणारे बोलवा, त्यांच्या शेजारी गप्प बसा आणि ते कुठे अडतात ते लिहून घ्या. त्यांत एखादा शेतकरी असू द्या, एखादी अंगणवाडी सेविका, एखादा डोळ्यांनी अधू माणूस. अधिकाऱ्यांपुढे मोठ्या पडद्यावर दाखवलेलं सादरीकरण म्हणजे चाचणी नव्हे.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी ‘मला जमत नाही’ म्हणालं तर फोन हिसकावून ‘आण इकडे, मी करतो’ म्हणू नका. कुठे अडलं ते विचारा, पडद्याचा फोटो काढा आणि तक्रार करा. खरेदीतल्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

मावशीची केवायसी अखेर झाली. एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, बाहेर पाटी: ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. अशी पाटी आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे, आणि त्या पाट्यांपुढच्या रांगा हा आपल्या सगळ्या पोर्टलवरचा लोकांनी दिलेला निकाल आहे. दुकानात वीस-बावीस वर्षांची एक मुलगी होती. तिने जन्मतारखेच्या वर्षावर बोट ठेवून यादी उघडली, नाव आधारप्रमाणे टाकलं, पिनकोड इंग्रजी आकड्यांत. मग फोन मावशीच्या चेहऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘आजी, चष्मा काढा आणि दाराकडे तोंड करा, उजेडाकडे.’’

पहिल्याच फटक्यात चेहरा जुळला. तिने पन्नास रुपये घेतले. मी घरी येऊन ते अ‍ॅप पुन्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ‘चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा’ हे वाक्य त्यात कुठेही नाही.